पवनेचे पाणी आणि नळाची तोटी

चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधिमंदिराला लागून पवना वाहते. मोठा पूर आला की आजही ती मंदिरात शिरते. चापेकर बंधूंचे हे गाव. 1954 साली शेजारच्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना आला, 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पाहता पाहता माळरानांवर कारखाने उभे राहिले. त्यांत राबायला मराठवाड्यापासून बिहारपर्यंतचा माणूस आला. या सर्वांची तहान पवनेने भागवली.

ती कशी भागवली, हे नीट समजून घेतले पाहिजे. मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी पवना धरण झाले. अनेक धरणग्रस्तांना पर्यायी जमिनीसाठी पुढे कित्येक दशके तिष्ठत राहावे लागले. धरणातून सोडलेले पाणी नदीच्याच पात्रातून रावेतच्या बंधाऱ्याशी येते, तेथे महापालिका ते उचलते आणि निगडीला शुद्ध करते. वाटेत काठचा शेतकरी त्यावर पीक काढतो, विहिरींना पाझर राहतो. नदी जिवंत राहते ती यामुळेच.

महापालिकेला हे पाणी धरणापासूनच बंद नळातून हवे होते. पात्रात पाणी दूषित होते, वाया जाते, हे तिचे म्हणणे. ते खोटे नाही. पण घाण नदीत मिसळते म्हणून घाण थांबवायची, की नदीतून पाणीच काढून घ्यायचे? 9 ऑगस्ट 2011 रोजी, क्रांतिदिनी, मावळचा शेतकरी हाच प्रश्न घेऊन द्रुतगती मार्गावर बऊरजवळ उतरला. पोलिसांनी गोळीबार केला. तिघे मेले, त्यांत एक स्त्री होती. प्रकल्प थांबला, 2023 साली शासनाने स्थगिती उठवताच मावळात पुन्हा विरोध उभा राहिला.

शहरातला कामगार या झगड्यात शेतकऱ्याचा शत्रू ठरवला जातो. तो तसा नाही. त्याच्या नळाला नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी येऊ लागले, आणि ते धरण रिकामे होते म्हणून नव्हे. टँकरचे पैसेही तोच मोजतो. रावेतच्या खाली तर नदीचा नाला होतो. दापोडीला ती मुळेला मिळते, आणि ते पाणी भीमेतून उजनीच्या जलाशयात जाते. सोलापूरकडचा शेतमजूर ते पितो. (चाकणच्या पट्ट्यालगतची इंद्रायणी याहून निराळी नाही, आळंदीत वारकरी तिच्या फेसात स्नान करतात.)

म्हणून जलवाहिनीची चर्चा निघेल तेव्हा कार्यकर्त्यांनी महापालिकेकडे आधी हिशेब मागावा: रावेतला किती पाणी उचलले, किती गळाले, कोणत्या वस्तीला किती पोहोचले, आणि दापोडीपर्यंत नदीत शुद्ध न केलेले किती सोडले. तो हिशेब वॉर्डावॉर्डांत वाचून दाखवावा, आणि मावळच्या गावांतही.