टेम्पो कुठे जातो?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण. काही सभासदांनी मागितलं म्हणून स्मरणिकेसाठी लिहून दिलं आहे. बोलताना जे राहून गेलं ते दोन-तीन ठिकाणी घातलं आहे.)

हा माणूस कधी एकदा बसतो आणि पंगत कधी लागते याची वाट बघणाऱ्या मागच्या रांगेतल्या मंडळींनो,

समितीनं मला ‘२५ वर्षांच्या आठवणी’ असा विषय दिला होता. आठवणी पुष्कळ आहेत. आसनगावला रात्रीच्या गाडीनं उतरायचं, मिळेल त्या जीपमध्ये अर्धं बाहेर लटकत सापगावला यायचं, आणि इथे लाईट नाही म्हणून जिना मोजत चढायचा. पहिल्या पावसाळ्यात गच्ची गळली तेव्हा सगळ्या विंगनी मिळून ताडपत्री ओढली होती. पण हे सगळं माझ्यापेक्षा रंगवून सांगणारे इथे बसले आहेत. मी आज एवढंच विचारणार आहे की गेली २५ वर्षं आपला कचरा गेला कुठे?

माझी नोकरी याच खात्यातली, हे तुम्हाला माहीत आहे. एका शहरात मी स्वच्छता निरीक्षक होतो. शहराचं नाव घेत नाही, पेन्शन अजून चालू आहे. सकाळी सहाला हजेरी, मग गाड्या सोडायच्या, मग डम्पिंगवर जाऊन खेपा मोजायच्या. म्हणजे शहराचा कचरा कुठे जातो हे मी आयुष्यभर बघितलं. स्वतःच्या घरचा कुठे जातो हे मात्र बघितलं नाही. सकाळी दाराबाहेर बादली ठेवली, मामांनी उचलली, गेटवरच्या टेम्पोत गेली, विषय संपला.

यंदा मार्चमध्ये एका सकाळी सहज मनात आलं आणि स्कूटर काढून टेम्पोच्या मागे गेलो. टेम्पो मुख्य रस्त्यावरून थोडा पुढे गेला आणि नदीकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटेला वळला. खाली एक कोरडा ओहोळ आहे. त्याच्या काठावर टेम्पोवाल्यानं फाळका पाडला, फावड्यानं सगळं खाली लोटलं, आणि काडी ओढली. मला बघून तो लाजला वगैरे नाही. म्हणाला, “काका, तुम्ही मला उचलायचे पैसे देता. टाकायची जागा कुठे दिलीये?” त्याचं काही चुकलं नव्हतं. आपल्या सोसायटीच्या ठरावात ‘कचरा उचलणे’ एवढंच लिहिलं आहे. मी घरी येऊन मुद्दाम वाचलं.

त्या ओहोळाच्या खालच्या अंगाला पाडा आहे. उन्हाळ्यात तिथल्या बायका नदीच्या वाळूत डवरा खणून पाणी भरतात. एक मावशी हंडा घेऊन वर येत होत्या. त्यांनी विचारलं, “दादा, बिल्डिंगीतले का तुम्ही?” मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, “पावसात तुमच्या पिशव्या आमच्या शेतात येतात. आवणीला काच लागते पायाला.” त्या भांडल्या नाहीत. सांगितलं आणि गेल्या. मी मात्र तिथेच थोडा वेळ उभा राहिलो. त्या ढिगात आमच्याच घरच्या औषधाची बाटली होती. लेबलवर हिचं नाव.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या एवढ्याशा कचऱ्यानं काय होतंय? मी तीन दिवस मामांबरोबर काट्यावर तोलला. रोजचा साधारण ४० किलो भरतो, त्यातला २५ किलो ओला. ४० किलोप्रमाणे २५ वर्षांचा धरला तर ३६५ टन होतो. सुरुवातीला घरं कमी होती, पॅकिंग कमी होतं, म्हणून त्याचा निम्मा धरा. तरी तो कुठेतरी असणारच. जळला असेल तर धूर होऊन आपल्याच नाकात गेला असेल.

आपल्या गावांत पूर्वी उकिरडा होता. शेण, राख, केर, भाजीचे देठ सगळं त्यात. उन्हाळ्याच्या शेवटी बैलगाडीनं ते खत शेतात जायचं आणि खड्डा रिकामा. बारा वर्षांनी उकिरड्याचंही दैव फळफळतं म्हणतात, पण खरं तर ते दरवर्षी फळफळायचं. डम्पिंग ग्राउंड म्हणजे कधीच रिकामा न होणारा उकिरडा. ओला कचरा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून टाकला की त्याला हवा मिळत नाही. हवेविना कुजताना मिथेन वायू होतो, तो पेट घेतो. वरून पाण्याचा मारा केला तरी आग आत धुमसत राहते, कारण ती पोटात असते. आणि पावसाचं पाणी त्या ढिगातून झिरपून खाली येतं ते काळं, आंबूस, धातूंचे अंश घेऊन येतं. आमच्या खात्यात त्याला लिचेट म्हणतात. आमचे जुने मुकादम त्याला ‘काळा चहा’ म्हणायचे. आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस, म्हणजे चहा किती होत असेल बघा.

हे नीट करायची रीत आहे, आणि ती काही गुपित नाही. खड्ड्याच्या तळाला चोपलेली चिकणमाती, त्यावर जाड प्लॅस्टिकचा अखंड पडदा, त्यावर काळं पाणी गोळा करणाऱ्या नळ्या. रोज पडलेल्या कचऱ्यावर रोज मातीचा थर. वायू बाहेर काढायला पाईप. आजूबाजूच्या विहिरींचं पाणी तपासायचं, आणि खड्डा भरून बंद केला तरी पुढे १५ वर्षं लक्ष ठेवायचं. २०१६च्या घनकचरा नियमांत हे होतं. अशी जागा नदीपासून १०० मीटर आणि वस्ती, तळं, महामार्ग, पाणीपुरवठ्याची विहीर यांपासून २०० मीटर लांब हवी, असंही होतं. आणि मुख्य म्हणजे तिथे फक्त असाच कचरा जायला हवा ज्याचं दुसरं काहीच करता येत नाही. खड्डा निदान २० ते २५ वर्षं पुरावा असा नियम होता. म्हणजे आपल्या सोसायटीएवढं आयुष्य!

हे नियम आपोआप आले नाहीत. अल्मित्रा पटेल नावाच्या बाई १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या, न्यायालयानं समिती नेमली, आणि त्यातून २००० साली देशाला कचऱ्याचे पहिले नियम मिळाले. प्रत्यक्षात मी काय बघितलं? मातीच्या थरासाठी मातीची गाडी मागायची आणि ती यायची नाही. मग कचऱ्यावर कचरा. वरचा साहेब येणार असेल त्या दिवशी तेवढा पुढचा भाग झाकायचा. ती झाकपाक मीही केली आहे.

मुंबईचं देवनार १९२७ पासून चालू आहे. २०१६च्या जानेवारीत तिथे आग लागली, मुंबईभर धूर पसरला, आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मोठ्या शहराला त्या आठवड्यात कळलं की गोवंडीची माणसं रोज काय हुंगतात. मुलुंडचं डम्पिंग २०१८ साली बंद झालं, पण तिथे साठलेला सुमारे ७० लाख टन कचरा उकरून, चाळून काढायचं काम मागे उरलं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला गेला. तिथल्या विहिरी नासल्या आणि विहिरी असलेल्या गावाला टँकरचं पाणी प्यावं लागलं. त्या लोकांनी किती वेळा गाड्या अडवल्या! औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, २०१८ साली नारेगावच्या लोकांनी गाड्या अडवल्या तर गाड्या मिटमिट्याकडे वळल्या. तिथल्यांनीही अडवल्या, आणि दगडफेक, लाठीमार झाला. बाहेरच्या देशातही हेच आहे. कोलंबोत मीतोतामुल्लाचा ढीग २०१७च्या एप्रिलमध्ये, त्यांच्या नववर्षाच्या दिवशी, घरांवर कोसळला आणि तिसाहून जास्त माणसं गेली.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. कल्याणचं आधारवाडी तुम्ही लोकलमधून, वासावरून ओळखत होता. कचऱ्याची नीट व्यवस्था नाही म्हणून उच्च न्यायालयानं २०१५ साली कल्याण-डोंबिवलीत नवीन बांधकामांना बंदी घातली होती. वर्षभरानं ती उठली. कचऱ्यापायी बिल्डरलाही थांबावं लागलं, हे बघून मला नोकरीत पहिल्यांदा जरा बरं वाटलं होतं. पुढे मे २०२० मध्ये तिथे शून्य कचरा मोहीम सुरू झाली आणि मे २०२१ मध्ये आधारवाडीत कचरा टाकणं बंद झालं. ती मोहीम चालवणारे उपायुक्त रामदास कोकरे आधी वेंगुर्ल्याला मुख्याधिकारी होते. वेंगुर्ल्यात त्यांनी घराघरांतून कचरा वेगळा करून घेतला, आणि डम्पिंगच्या जागेचं असं रूप पालटलं की लोक ती बघायला जायला लागले. गाव लहान होतं म्हणून जमलं असं म्हणतात. असेल. आपण तर त्याहून लहान आहोत.

ठाण्याचं दिवा डम्पिंग २०२३ साली बंद झालं. मग भंडार्ली. मग भिवंडी तालुक्यातल्या आतकोलीचं नाव आलं. ती बातमी आली त्या दिवशी आपल्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आठवा. ‘शहरांनी आमचं पाणी न्यायचं आणि कचरा आमच्या माथी मारायचा!’ संतापाचे तोंड, जोडलेले हात, सगळं. मीही चार ओळी लिहिल्या होत्या. आणि त्यात चूक काही नव्हतं. भातसा, तानसा, मोडकसागर आपल्या तालुक्यात, मुंबई त्यांच्यावर जगते आणि शहापूरच्या पाड्यांत मार्च-एप्रिलपासून टँकर फिरतो. हे दुखणं खरं आहे. पण त्याच सकाळी आपला टेम्पो त्या ओहोळावर रिकामा होत होता. ठाणे आपल्याला जे करील म्हणून आपण ओरडत होतो, ते आपण पाड्याला करत होतो, तेही नियमात बसणारे १०० मीटर न सोडता. आणि तो ओहोळ भातसेलाच मिळतो. भातसेचं पाणी पुढे पिसे बंधाऱ्यावर मुंबईसाठी उचलतात. म्हणजे मुंबईकर पाहुणे आले की त्यांना काय काय मिळतं बघा.

आता जे सांगायला मला जड जातंय ते सांगतो. २०११च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ए विंगमधल्या एका वहिनींनी खतखड्ड्याचा विषय आणला होता. इथे बसल्या आहेत त्या. तेव्हा उठून मी बोललो होतो. वास येईल, उंदीर होतील, फ्लॅटची किंमत उतरेल. ‘मी या खात्यातला माणूस आहे, मला विचारा’ असंही म्हणालो होतो. ठराव फेटाळला गेला. खात्यातला माणूस म्हणून तुम्ही माझं ऐकलंत. खरं कारण वास नव्हतं. दिवसभर कचऱ्यात उभं राहून आल्यावर घरी तरी तो डोळ्यांसमोर नको, एवढंच होतं. वहिनी, इतकी वर्षं उशीर झाला, पण चारचौघांत सांगतो, माझी चूक होती.

वास येतो तो ओलावा जास्त आणि हवा कमी झाली की. म्हणून विटांत फटी ठेवून तीन हौद बांधायचे. एक भरताना दुसरा मुरतो, तिसऱ्यातून खत निघतं. ओल्याच्या प्रत्येक थरावर सुकलेला पालापाचोळा, सुरुवातीला थोडी शेणाची रबडी. मासे-मटणाचं उरलेलं पाल्याखाली खोल दाबायचं आणि वर जाळी ठेवायची, मग उंदीर फिरकत नाहीत. आपल्या पावसासाठी वर पत्रा हवाच, नाहीतर जून संपायच्या आत हौदाची डबकी होतील. जागा पंपघराच्या मागची, तिथे आत्ता मोडक्या खुर्च्या आणि गणपतीच्या मखराचा सांगाडा पडला आहे. पुठ्ठा, बाटल्या, पत्रा मामांनी वेगळा ठेवायचा, भंगारवाल्याला द्यायचा, पैसे त्यांचेच. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांनी १९९३ साली स्वतःची पंचायत उभी केली आणि तिच्यातूनच पुढे घरोघर कचरा उचलणारी ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. आपणही सहकारीच आहोत, निदान पाटीवर तरी. डायपर, पॅड कागदात गुंडाळून वेगळे. काच आणि ब्लेड वेगळ्या डब्यात, ओल्यात अजिबात नाही. त्या मावशींचा पाय लक्षात ठेवा.

टेम्पोसाठी उरेल ते थोडं असेल. ते कुठे टाकायचं हे लेखी ठरल्याशिवाय टेम्पोचा करार नव्यानं करू नये, असं मी कार्यकारिणीला पत्रानं कळवलं आहे. ओहोळावरचा जुना ढीग पावसाआधी उचलायचा खर्चही त्याच पत्रात मागितला आहे. तो रंगकामाच्या निधीतून घ्यावा लागेल. रंग एक वर्ष थांबेल.

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय क्रमांक ७ आहे. गेल्या वेळी विरोधात पहिला हात माझा होता. या वेळी ठराव मांडायला वहिनींनी उभं राहावं, अनुमोदन मी देईन. तोपर्यंत आवारातला पाला कोणी जाळू नका. पोत्यांत भरून पंपघराच्या मागे ठेवा. किल्ली माझ्याकडे आहे, सकाळी आठनंतर कधीही या.