मुलासाठी पेटी : नवी की जुनी?

(मंडळाच्या पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



मुलाचे नाव संगीतवर्गात घातले की थोड्याच दिवसांत पालकांपुढे एक प्रश्न उभा राहतो. घरी रियाझासाठी पेटी हवी. ती नवी घ्यावी की जुनी? वरवर पाहता हा प्रश्न पैशाचा वाटतो. माझ्या मते तो मुख्यतः मुलाच्या कानाचा आहे. महाराष्ट्रात वाढणाऱ्या मुलाच्या कानांवर भजन, कीर्तन, नाट्यपद सहज पडत असते. आपल्या मुलांना मात्र पुष्कळदा घरातल्या पेटीचाच आधार असतो. ती बेसूर असली तर मूल त्या स्वरालाच खरा स्वर मानून बसेल.

पेटीचे मूळ घराणे युरोपातले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास तिला हाताने भाता चालविण्याजोगे रूप दिले. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली व १९७१ मध्ये ती शिथिल केली. पेटीचे स्वर जागच्या जागी बांधलेले असतात, तिच्यातून मींड निघत नाही, हा त्या वेळचा प्रमुख आक्षेप होता. त्या वादात आज शिरण्याचे कारण नाही. पण त्यातील एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. तंबोरा रोज जुळविता येतो, व्हायोलिनवर स्वर बोटाने शोधावा लागतो. पेटीचा स्वर मात्र कारागिराने लावून दिला तोच. मुलाला तो सुधारता येत नाही.

या स्वराचा उगम पितळेच्या रीडमध्ये असतो. चांगल्या रीड अनेक दशके टिकतात. झिजते ते चामडे, बनात आणि भात्याची घडी. आणि हे सर्व बदलता येते. उलट, स्वस्तात मिळणाऱ्या नव्या पेटीत लाकूड पुरते मुरलेले नसले, तर कोरड्या उन्हाळ्यात त्याला चीर जाते आणि पट्ट्या अडकू लागतात. म्हणून सुरेल जुनी पेटी ही हलक्या नव्या पेटीपेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

मात्र जुनी पेटी पारखून घ्यावी. पहिली परीक्षा भात्याची. कोणतीही पट्टी न दाबता भाता मारावा. तो जड होत गेला पाहिजे. सहज हलत राहिला, तर हवा कोठेतरी गळते असे समजावे. पट्टी न दाबताच स्वर निघू लागला, तर आतील झडप नीट बसत नाही. नंतर एकेक पट्टी सावकाश वाजवावी. स्वर उशिरा उमटणे, किरकिरणे ही दोषाची लक्षणे होत. मधला आणि तार सप्तकातला सा एकदम दाबावा. आवाज थरथरला, तर ते दोन स्वर जुळलेले नाहीत. शेवटी वरचे झाकण काढून उंदीर-झुरळांच्या खुणा पाहाव्यात. रीड खरवडूनच स्वर चढवितात वा उतरवितात; तेव्हा ती फार खरवडलेली दिसली, तर पेटी पुष्कळदा दुरुस्त झाली आहे असे जाणावे. हे सारे करताना मुलाचे गुरुजी सोबत असावेत.

किंमत ठरविताना दुरुस्तीचा खर्च आधीच मिळवावा. जुनी पेटी आणि तिची दुरुस्ती मिळून नव्या चांगल्या पेटीच्या दोन तृतीयांशांहून अधिक होत असेल, किंवा गावात दुरुस्ती करणारा कारागीरच नसेल, तर नवी घ्यावी. पण साधी घ्यावी. मुलाला तीन सप्तकांची पेटी पुरते. कपलर, स्केलचेंजर या सोयींनी पेटीचे वजन वाढते आणि बिघाडाच्या जागाही वाढतात.

इतर वाद्यांचा न्याय थोडा निराळा. तबल्याचे लाकूड टिकाऊ. पुडी तशीही बदलावीच लागते, म्हणून जुना तबला घेण्यास संकोच नसावा. व्हायोलिन मुलाच्या हाताच्या मापाने पाव, अर्धे, पाऊण असे बदलत जाते. तेथे जुनेच शहाणपणाचे. तंबोऱ्याच्या खरेदीसाठी सुटीत मिरजेस जाता आले तर उत्तम. तेथील सतार व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

जाता जाता एक सूचना करतो. आपल्यापैकी अनेकांच्या नोकऱ्या बदलीच्या. सामान आवरताना पेटी मिळेल त्या भावाने विकली जाते, आणि त्याच आठवड्यात दुसरे एखादे कुटुंब पेटीच्या शोधात दुकाने पालथी घालीत असते. मंडळाच्या कार्यालयात यासाठी एक नोंदवही ठेवावी : वाद्य कोणते, कोणाकडे आहे, शेवटची दुरुस्ती केव्हा झाली. वाद्यांची तपासणी संगीतवर्गाच्या गुरुजींनी करावी आणि उचित किंमत सुचवावी. ग्रंथालयातले पुस्तक जसे एका घरातून दुसऱ्या घरात जाते, तशी एक पेटी चार मुलांना सा ओळखावयास शिकवील. शिवाय, आपल्या आधी ही कोणी वाजविली हे ठाऊक असलेले मूल ती अधिक जपून हाताळील, असा माझा विश्वास आहे.

कार्यकारिणीने या सूचनेचा विचार करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.