खेळांतील संगीतिका

जपानमध्यें १९९४ सालीं निघालेल्या ‘फायनल फँटसी सिक्स’ या व्हिडिओ गेमविषयीं खेळाडूंचा वाद अद्यापि मिटलेला नाहीं. एका पक्षाचा आक्षेप असा कीं, पुढें पुढें बहुतेक पात्रांना तीच जादू शिकतां येते व त्यांचें वेगळेपण लोपतें. आक्षेप खराच आहे. दुसरा पक्ष संगीतिकेच्या प्रवेशाकडे बोट दाखवितो. त्या यंत्रांतून एका वेळीं आठच ध्वनि निघत. मनुष्याचें गाणें त्यांत मावेना. म्हणून नोबुओ उएमात्सु यांनीं कृत्रिम स्वर योजिला. सेलेस ही सेनानी गायिकेच्या जागीं उभी राहते, शब्द पडद्यावर उमटतात, आणि पुढील ओळ खेळाडूनेंच निवडावयाची. चुकला कीं प्रयोग फसला! “गोड गाण्यानें लढाईंतील उणीव झांकते काय?” हा पहिल्या पक्षाचा प्रश्न. झांकत नाहीं, परंतु येथें गाणें हाच खेळ झाला आहे.