सभामंडपातील सूर : भारतीय शास्त्रीय संगीताची ओळख

(जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त नव्या सभामंडपात झालेले व्याख्यान)



देवालयाचा जीर्णोद्धार म्हणजे केवळ दगडविटांचे काम नव्हे. ज्या मंडपात पिढ्यान्‌पिढ्या काकडआरती, भजन, कीर्तन झाले, तेथील सूर हेही देवाचेच धन आहे. शास्त्रीय संगीत हे राजवाड्यातले, सामान्यांना न कळणारे, असा एक समज आहे. तो खरा नाही.

या संगीताचे मूळ भांडवल दोनच : स्वर आणि ताल. सात शुद्ध, चार कोमल व एक तीव्र असे बारा स्वर. त्यांतील काही निवडून, चढण्याउतरण्याचा नियम पाळून जे रूप उभे राहते, तो राग. भूप रागात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर. भजनाला बसणाऱ्या कित्येकांच्या कानांत हा राग आधीपासून आहे. नाव तेवढे ठाऊक नसते.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. उत्तरेची हिंदुस्थानी व दक्षिणेची कर्नाटक, या दोन्ही परंपरा त्याला प्रमाण मानतात. म्हणजे दोन्हींच्या आधारग्रंथाची जन्मभूमी महाराष्ट्रच होय. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. दक्षिणेत पुरंदरदासांनी पाया घातला, तर त्यागराज (१७६७–१८४७), मुत्तुस्वामी दीक्षितर व श्यामा शास्त्री यांनी कळस चढविला. त्यागराज राहत ते तिरुवैयारू तंजावरजवळचे; तंजावरास तेव्हा भोसल्यांची गादी होती. पण त्यांची रचना वाहिली गेली ती रामचरणी. उत्तरेचा भूप दक्षिणेत मोहनम् होतो. पखवाजाचा भाऊ तिकडे मृदंगम् म्हणून वाजतो. चाल निराळी, स्वर तेच.

उत्तरेत ग्वाल्हेर, आग्रा, किराणा, जयपूर अशी घराणी झाली. घराणे म्हणजे गुरूकडून शिष्याकडे आलेली गाण्याची रीत. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी उत्तरेत राहून, गुरूची सेवा करून ग्वाल्हेरची गायकी मिळविली आणि महाराष्ट्रात आणली. त्यांचे शिष्य कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर. लहानपणी दारूकामाने त्यांची दृष्टी अधू झाली, तरी १९०१ साली त्यांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढून ही विद्या सर्वांना खुली केली. पं. भातखंडे यांनी गावोगाव हिंडून चिजा मिळविल्या व स्वरलिपीत छापल्या. राजर्षी शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापुरात आश्रय दिला, तर अब्दुल करीमखाँसाहेब मिरजेस राहिले. हिंदू गुरू, मुसलमान शिष्य. मुसलमान गुरू, हिंदू शिष्य. सुराने भेद मानला नाही.

मिरजेचे तंबोरे देशभर जातात. त्यांचा भोपळा पिकतो तो पंढरपूरच्या बाजूच्या शेतांत. शेतकऱ्याने पिकविला, कारागिराने घडविला, गवयाने जुळविला, तेव्हा कोठे एक षड्ज लागतो.

आता विचार करण्याजोगी गोष्ट. मंडपाला नवी फरशी आली, कळस चढला, ध्वनिक्षेपकही लागला. ध्वनिमुद्रित काकडा लावायला एक बटण पुरते. पण बटणाला शिष्य नसतो. पखवाजाच्या धुमीला कणीक किती लावावी, हे पुस्तकात वाचून येत नाही. ते जाणत्याच्या शेजारी बसूनच येते. असे जाणते हात गावोगाव थकत चालले आहेत. दगडाचा जीर्णोद्धार पन्नास वर्षांनी पुन्हा करता येतो. तुटलेली शिकवण मात्र कोणत्याही वर्गणीने परत मिळत नाही.

म्हणून देणगीदारांनी जसा दगड दिला, तशी आता एक पखवाजाची जोड, एक तंबोरा द्यावा. जाणत्यांनी आठवड्यातून एक सायंकाळ द्यावी. आईबापांनी मुलगे आणि मुलीही पाठवाव्यात. पुढच्या कार्तिकात या मंडपात पहाटे चार पोरे जरी तालात उभी राहिली, तरी देवालयाचा जीर्णोद्धार पुरा झाला असे म्हणता येईल.

देव सर्वांना ती बुद्धी देवो.