आधी ॲव्हरेज मोजा, मग स्क्रू फिरवा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त पार्किंगमध्ये झालेल्या सभासद मेळाव्यातील भाषण. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



मला भाषणाची सवय नाही. कोल्हारला नगर-मनमाड रस्त्यालगत माझं गॅरेज होतं. तिथं तीस वर्षं हातात पाना होता, माईक नव्हता. पण चेअरमनसाहेब म्हणाले, "तुम्ही गेटवर उभ्या उभ्या ज्याला त्याला सांगता, ते एकदा सगळ्यांना मिळून सांगा." म्हणून उभा राहिलो.

गेटवर मला एकच प्रश्न येतो. "काका, गाडी ॲव्हरेज देईना, जरा कार्बोरेटर सेट करून द्या ना." आपल्यातले कितीतरी जण रोज लोणीला, राहुरीला, श्रीरामपूरला नोकरीला जातात. समजा, जाऊन-येऊन 40 किलोमीटर, महिन्याचे 26 दिवस. म्हणजे 1040 किलोमीटर झाले. गाडी 50 चं ॲव्हरेज देत असेल तर जवळपास 21 लिटर पेट्रोल लागतं, 60 चं देत असेल तर साडेसतरा लिटरच्या आत भागतं. साडेतीन लिटरचा फरक, आणि पेट्रोल शंभरीच्या पुढं. वर्षाला चार हजारांहून जास्त रुपये झाले. आपला मेंटेनन्स थकतो तो एवढ्याच रकमेसाठी! तेव्हा हा प्रश्न काही लहान नाही.

पण उत्तर देण्याआधी माझीच एक चूक सांगतो.

1990 च्या दशकातली गोष्ट. एक तरुण मास्तर माझ्याकडे टू-स्ट्रोक मोटरसायकल घेऊन आले. पगार तुटपुंजा, शाळा लांब. म्हणाले, "काहीही करा, पण पेट्रोल वाचवा." माझा हात तेव्हा जोरात होता. मी कार्बोरेटर खोलला, मेन जेट लहान छिद्राचा टाकला, सुईची क्लिप वरच्या खाचेत बसवली. दोन्हींमुळं पेट्रोल कमी जातं. मास्तर आठ दिवसांनी पेढे घेऊन आले. ॲव्हरेज वाढलं होतं!

पुढं मे महिन्यात भर दुपारी ते पत्नीला घेऊन राहुरीकडं निघाले. त्या वेळी वहिनींना सातवा महिना होता. मोकळा रस्ता, पूर्ण रेस. इंजिन तापलं, पिस्टन जाम झाला आणि मागचं चाक धरलं. मागून मालट्रक येत होता. मास्तरांनी क्लच दाबला म्हणून गाडी घसरत का होईना कडेला लागली. दोघं वाचले. पोटातलं बाळही वाचलं.

टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी केलं की ऑइलही कमी जातं. वर पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की जळण जास्त तापतं. हे मला माहीत होतं, पण ॲव्हरेजच्या नादात विसरलो. बोअर, पिस्टन सगळं माझ्या खर्चानं करून दिलं. पण खर्चाचं काय घेऊन बसलात! त्या रात्री झोप लागली नाही.

त्या दिवसापासून माझा एक नियम झाला. स्क्रूला हात सगळ्यात शेवटी.

आता कार्बोरेटर म्हणजे काय ते सोप्या भाषेत सांगतो. जुन्या मंडळींना फ्लिटचा पंप आठवत असेल. दांडा ढकलला की हवा नळीच्या तोंडावरून जोरात जाते आणि खालचं औषध वर ओढून फवारा उडवते. कार्बोरेटर तेच करतो. इंजिन हवा ओढतं, ती हवा अरुंद वाटेतून जाताना पेट्रोल ओढून घेते. खाली छोटी वाटी असते, तिच्यात फ्लोट असतो. आपल्या गच्चीवरच्या टाकीतला बॉल कॉक आठवा. तो अडकला की पाणी वाहतं आणि खालचे लोक ओरडतात. फ्लोट अडकला की पेट्रोल पाझरतं, पण ओरडायला कुणी नसतं. म्हणून सकाळी गाडीखाली ओला डाग दिसतो का बघा.

एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. हे प्रमाण राखायला कार्बोरेटरमध्ये वेगवेगळ्या जागा आहेत. बाहेरचा जो छोटा स्क्रू आपण फिरवतो, तो गाडी जागेवर चालू असताना आणि अगदी कमी रेसवर काम करतो. मधल्या रेसला सुई, पूर्ण रेसला मेन जेट. मग बाभळेश्वरच्या रस्त्याला 60 नं जाताना तो स्क्रू कितीसं पेट्रोल वाचवणार? सिग्नलला आणि गर्दीत थोडं वाचवेल, एवढंच.

मग काय करायचं? चार गोष्टी, क्रमानं.

पहिली, मोजा. टाकी पूर्ण भरा, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. दोन-तीनशे किलोमीटर चालवा आणि त्याच पंपावर पुन्हा तेवढीच भरा. समजा 312 किलोमीटर झाले आणि 6 लिटर बसलं, तर ॲव्हरेज 52. रिझर्व्हला लागली म्हणून अंदाजानं सांगू नका. तीन वेळा मोजलं की खरा आकडा कळतो.

दुसरी, गाडी मोकळी फिरते का बघा. मेन स्टँडवर लावून चाक हातानं फिरवा. ब्रेक घासत असेल तर इंजिन रोज त्या ब्रेकशी भांडतंय. टायरमध्ये हवा कमी असेल तर तेच. हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना, कंपनीनं दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. चेन फार ताठ नको, फार सैल नको, आणि कोरडी तर नकोच.

तिसरी, हवा आणि ठिणगी. आपल्याकडं ऊस वाहतुकीच्या दिवसांत रस्त्याला केवढी धूळ असते! एअर फिल्टर चोंदला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, ऑइल लावून बसवा, कागदी असेल तर बदला. प्लग काढून रंग बघा. विटकरी-तपकिरी असेल तर उत्तम. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरा फट्ट असेल तर पेट्रोल कमी पडतंय, तो धोका. आणि थंडीत ओढलेला चोक बंद करायला विसरू नका. मी कित्येक गाड्या नुसता चोक बंद करून "दुरुस्त" केल्यात, पैसे न घेता!

चौथी, आता स्क्रू. इंजिन गरम करा. स्लो स्पीड थोडा वाढवा. स्क्रू हलक्या हातानं आत टेकेपर्यंत न्या आणि किती फेरे झाले ते लिहून ठेवा. जोर दिला तर टोक खराब होतं. मग कंपनीनं दिलेल्या फेऱ्यांइतका बाहेर घ्या, बऱ्याच गाड्यांत तो दीड-दोनच्या आसपास असतो. तिथून पाव-पाव फेरा इकडं-तिकडं करत इंजिन सगळ्यात जलद आणि एकसारखं जिथं चालतं तिथं थांबा. मग स्लो स्पीड खाली आणा. एक लक्षात ठेवा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत नेला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनच्या बाजूला असेल तर उलटं. मेन जेट आणि सुई यांना मात्र हात लावू नका, मेकॅनिकलाही लावू देऊ नका.

सध्याच्या पेट्रोलबद्दलही सांगायला हवं. त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते आपल्यासारख्या ऊसवाल्या भागातूनही जातं. शेतकऱ्याला त्याचा आधार आहे. पण इथेनॉलमध्ये लिटरमागं ताकद पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांशानं कमी, म्हणून ॲव्हरेजमध्ये थोडा फरक पडणारच. शिवाय त्यात ऑक्सिजन असतो, म्हणजे मिश्रणात हवा आधीच वाढल्यासारखी होते. अशात जुन्या गाडीचं पेट्रोल आणखी कमी केलं, तर मास्तरांच्या गाडीचीच वाट धरली म्हणा. इथेनॉल पाणीही ओढतं, तेव्हा पावसाळ्यात जुनी गाडी महिना-महिना उभी ठेवू नका.

एप्रिल 2020 पासून नव्या बीएस-6 गाड्या आल्या. आता जवळपास सगळ्यांना इंजेक्शन असतं, फिरवायला स्क्रूच नाही. मिश्रणाचं प्रमाण कॉम्प्युटर ठरवतो. पण आपल्या पार्किंगमध्ये जुन्या गाड्या अजून आहेत. एक लुनासुद्धा आहे! नगरला कायनेटिकचा कारखाना, म्हणजे लुना आपल्या जिल्ह्याचीच लेक. तिला जपा.

एक विनंती सोसायटीचा सभासद म्हणून. पार्किंगमध्ये पेट्रोलनं कार्बोरेटर धुवू नका. मीटर रूम तिथंच आहे, मुलं तिथंच खेळतात. पुढच्या रविवारी सकाळी मी गेटबाहेर मोकळ्या जागेत बसतो. हवेचा पंप आणि प्लगचा पाना माझा. तुम्ही फक्त तीन वेळा मोजलेला आकडा घेऊन या. आकडा नसेल तर स्क्रू फिरवणार नाही, आधीच सांगतो!

शेवटी एवढंच. ते मास्तर आज निवृत्त आहेत आणि तिसऱ्या रांगेत बसलेत. नाव घेत नाही, ते हसतायत त्यावरून ओळखा. त्या दुपारी पोटात असलेली मुलगी आज आपल्या मुलाला घेऊन कार्यक्रमाला आली आहे. इतक्या वर्षांत त्यांनी ती गोष्ट एकदाही माझ्यासमोर काढली नाही. म्हणून आज मीच काढली.