ई-मेलवरील चुकीची तारीख व वेळ : कारणे आणि दुरुस्ती

(बागायतदार व शेतकरी उत्पादक कंपन्यांचे पदाधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



द्राक्षे, डाळिंब, केळी, आंबा अशा मालाचा व्यापार करणाऱ्या बागायतदारांना ई-मेल आता नवा राहिलेला नाही. दरपत्रक, मागणीपत्र, निविदा, कीडनाशकांच्या अंशाचा तपासणी अहवाल, माती परीक्षणाचा अहवाल, असे कितीतरी कागद आज ई-मेलनेच ये-जा करतात. कागद बदलला तरी व्यवहाराची एक गोष्ट बदललेली नाही, ती म्हणजे तारीख. "आज सायंकाळी ५ वाजेपर्यंत दर कळवा" असे खरेदीदाराने लिहिले, आपण दुपारी ३ वाजता दर कळवले, आणि त्याच्या संगणकावर ते दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला पाठवल्याचे दिसले, तर वाद होणारच. माल चांगला, दर योग्य, आणि केवळ तारखेवरून सौदा हातचा जातो. म्हणून आज या लहान वाटणाऱ्या दोषाची कारणे व दुरुस्ती आपण पाहणार आहोत.

ई-मेलवर वेळ कोण टाकतो?

टपालाच्या पाकिटावर प्रत्येक टपाल कचेरीचा शिक्का पडतो आणि आतील पत्रावर लिहिणाऱ्याने घातलेली तारीख असते. ई-मेलचेही तसेच आहे. पाठवणाऱ्याचा संगणक आपल्या घड्याळाप्रमाणे मेलवर एक वेळ लिहितो. ती पत्रावरील तारीख. नंतर मेल ज्या ज्या मोठ्या संगणकांमधून म्हणजे सर्व्हरमधून जातो, तो प्रत्येक सर्व्हर आपली वेळ नोंदवतो. ते टपालाचे शिक्के. हे शिक्के मेलच्या आत असतात, सहसा ते आपल्याला दिसत नाहीत.

प्रत्येक वेळेपुढे ती कोणत्या देशाच्या घड्याळाची आहे, तेही लिहिलेले असते. भारतीय वेळेपुढे 'अधिक ०५३०' असे येते. याचा अर्थ, जागतिक प्रमाण वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे. या जागतिक वेळेला 'यूटीसी' म्हणतात. मेल उघडणाऱ्याचा संगणक ती वेळ आधी यूटीसीमध्ये आणतो आणि मग आपल्या विभागाच्या वेळेत बदलून दाखवतो. थोडक्यात, योग्य वेळ दिसण्यासाठी तीन गोष्टी बरोबर लागतात : पाठवणाऱ्याचे घड्याळ, पाठवणाऱ्याचा वेळ-विभाग आणि वाचणाऱ्याचा वेळ-विभाग.

वेळ-विभागाची ही भानगड आपल्याकडे जुनीच आहे. भारतीय प्रमाण वेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. तरीही मुंबई शहरात स्थानिक 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत चालू होती आणि ती प्रमाण वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी मागे होती. दोन्ही घड्याळे बरोबरच होती. कोणत्या घड्याळाची वेळ, एवढे सांगावे लागे. संगणकालाही तेच सांगावे लागते.

आधी निदान, मग उपाय

पिकाची पाने पिवळी दिसली की आपण लगेच युरियाची गोणी फोडत नाही. खालची जुनी पाने पिवळी असतील तर नत्राची कमतरता, शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी असतील तर लोहाची शंका, असे पाहून ठरवतो. येथेही प्रथम दोन प्रश्न विचारावेत. आपल्याकडे येणाऱ्या मेलची वेळ चुकीची दिसते की आपण पाठवलेल्या मेलची? सर्वच मेलची चुकते की एकाच व्यक्तीच्या मेलची?

१) एकाच व्यक्तीच्या मेलची वेळ चुकीची दिसत असेल, तर दोष त्या व्यक्तीच्या संगणकात आहे. आपल्या संगणकाला हात लावू नये. त्यांना फोन करून कळवावे.

२) येणाऱ्या सर्व मेलची वेळ सारख्याच फरकाने चुकत असेल, तर आपल्या संगणकाचा वेळ-विभाग चुकीचा आहे.

३) येणारे मेल बरोबर दिसतात, पण आपले मेल इतरांना चुकीच्या तारखेचे दिसतात, असे असेल तर आपल्या संगणकाचे घड्याळच चुकले आहे.

४) येणारे मेल मागच्या वेळेचे आणि आपले मेल इतरांना पुढच्या वेळेचे दिसत असतील, तर विभाग चुकीचा आहे आणि शिवाय कोणीतरी घड्याळाचे काटे हाताने फिरवून ती चूक झाकली आहे.

हा चौथा प्रकार नीट समजून घ्यावा. संगणकाचा विभाग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा, म्हणजे पॅसिफिक टाइमचा राहिला आहे असे समजा. घड्याळ चुकीचे दिसले म्हणून कार्यालयातील मुलाने विभाग तसाच ठेवून तास-मिनिटे बदलली आणि भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून घेतली. आता १५ जानेवारीला सकाळी १० वाजता आपण मेल पाठवला. संगणक लिहितो, '१० वाजता, पॅसिफिक टाइम'. हिवाळ्यात ही वेळ यूटीसीच्या ८ तास मागे असते, म्हणून यूटीसीप्रमाणे ते सायंकाळचे ६ होतात आणि भारतातील वाचणाऱ्याला रात्रीचे साडेअकरा दिसतात. साडेतेरा तासांचा फरक! सुरुवातीला सांगितलेला दुपारी ३ चा मेल पहाटे साडेचारचा होतो, तो असाच. आणि इतरांनी सकाळी १० वाजता पाठवलेला मेल आपल्याकडे आदल्या दिवशी रात्री साडेआठचा दिसतो. म्हणून काटे फिरवणे हा उपाय नाही. विभाग चुकला असेल तर विभागच दुरुस्त करावा.

फरक किती आहे, यावरूनही कारणाचा अंदाज येतो. येणारे मेल साडेपाच तास मागे दिसत असतील, तर विभाग यूटीसीवर राहिला आहे. अर्धा तास मागे दिसत असतील, तर यादीत मुंबईऐवजी कराची निवडले गेले आहे. पाव तास पुढे असतील, तर काठमांडू.

दुरुस्ती कशी करावी?

संगणकावर विंडोज असल्यास खालच्या पट्टीवरील घड्याळावर माउसचे उजवे बटण दाबावे आणि 'ॲडजस्ट डेट अँड टाइम' निवडावे. प्रथम 'टाइम झोन'मध्ये 'यूटीसी अधिक ५:३०, चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली' ही ओळ निवडावी. त्यानंतर 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' चालू करावे आणि 'सिंक नाऊ' दाबावे. हा क्रम मोडू नये : आधी विभाग, मग घड्याळ. संगणक इंटरनेटवरून अचूक वेळ घेतो. घड्याळ कित्येक दिवसांनी किंवा वर्षांनी मागे गेलेले असेल, तर ते आपोआप जुळेलच असे नाही. अशा वेळी आजची तारीख व वेळ एकदा हाताने घालावी आणि मग 'सिंक नाऊ' दाबावे.

मोबाईलमध्ये 'सेटिंग्ज'मधील 'डेट अँड टाइम' उघडून वेळ आणि विभाग दोन्ही आपोआप घेण्याचा पर्याय चालू ठेवावा. मुलांनी खेळात पुढची पायरी लवकर मिळावी म्हणून मोबाईलचे घड्याळ पुढे नेलेले असते, तेही तपासावे.

दुरुस्त केलेले घड्याळ वीज गेली की पुन्हा मागे जाते आणि तारीख काही वर्षांपूर्वीची दिसते, अशी तक्रार जुन्या संगणकांबाबत नेहमी येते. संगणकाच्या मुख्य पट्टीवर रुपयाच्या नाण्यासारखा एक गोल सेल असतो. वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालते. बहुतेक संगणकांत तो 'सीआर २०३२' या क्रमांकाचा, ३ व्होल्टचा असतो. सेल संपला की घड्याळ विसरते. हा सेल घड्याळाच्या किंवा विजेच्या वस्तूंच्या दुकानात थोडक्या किमतीत मिळतो. बदलताना संगणकाची वायर बोर्डातून काढून ठेवावी. भारनियमनाच्या भागात सेल बदलल्याशिवाय दुसरी कोणतीही दुरुस्ती टिकत नाही. घड्याळ फारच मागे गेले, तर सुरक्षित संकेतस्थळे उघडतच नाहीत, हेही एक लक्षण समजावे.

ब्राउझरमधून जीमेलसारखी सेवा वापरली, तर जाणाऱ्या मेलवर सामान्यतः त्या कंपनीच्या सर्व्हरची वेळ पडते. त्यामुळे आपले घड्याळ थोडे चुकले तरी मेल बरोबर जातो. पण येणाऱ्या मेलची वेळ दाखवताना आपल्याच संगणकाचा विभाग वापरला जातो. म्हणून विभाग तेथेही बरोबर हवाच.

विभाग दुरुस्त केल्यावर आलेले जुने मेल लगेच योग्य वेळ दाखवू लागतात. चुकीच्या घड्याळाने पूर्वी पाठवलेल्या मेलवरील तारीख मात्र बदलत नाही. महत्त्वाचा मेल असेल तर खुलासा करून तो पुन्हा पाठवावा.

खरी वेळ कोठे पाहावी?

वाद निर्माण झाल्यास आतील शिक्के पाहावेत. जीमेलमध्ये संगणकावर मेल उघडून उजवीकडील तीन टिंबांवर दाबावे आणि 'शो ओरिजिनल' निवडावे. थंडरबर्डमध्ये 'कंट्रोल' व 'यू' या कळा एकत्र दाबाव्यात. तेथे 'रिसीव्हड्' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी दिसतील. त्या खालून वर वाचाव्यात. सर्वांत खालची नोंद पहिल्या सर्व्हरची, सर्वांत वरची आपल्या सर्व्हरची. प्रत्येक वेळेपुढील विभाग पाहून ती भारतीय वेळेत बदलावी. पाठवणाऱ्याची वेळ आणि पहिल्या शिक्क्याची वेळ यांत तासांचा फरक असेल, तर एक तर त्याचे घड्याळ चुकले आहे किंवा मेल त्याच्या संगणकातच अडकून राहिला होता.

ही दुसरी शक्यता आपल्या गावांत खरी ठरते. रात्री ९ वाजता मेल लिहिला, 'पाठवा' दाबले, पण रेंज नव्हती. मेल 'आउटबॉक्स'मध्ये पडून राहिला आणि सकाळी ७ वाजता गेला. त्यावर रात्री ९ ची वेळ असू शकते. मात्र सन २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १३ प्रमाणे, आपसात वेगळे ठरले नसेल तर, पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरील संगणकात मेल शिरतो तेव्हा तो पाठवला असे धरतात. मेल घेण्यासाठी समोरच्याने जो पत्ता ठरवून दिला असेल, तेथील संगणकात तो शिरला की मिळाला असे धरतात. म्हणून मुदतीचा मेल पाठवल्यावर आउटबॉक्स रिकामा झाला का, हे पाहिल्याशिवाय उठू नये. मूळ मेल कधीही पुसू नये. तो नुसता पुढे पाठवला, तर त्या प्रतीत मूळ शिक्के राहत नाहीत.

निर्यातदारांनी आणि हवामान केंद्र बसवलेल्यांनी घ्यावयाची काळजी

नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदरात आपली द्राक्षे जातात. तेथील घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते एक तास पुढे करतात आणि फरक साडेतीन तासांचा होतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते पूर्ववत होते. द्राक्ष हंगाम नेमका या बदलावर येतो. तेथील सायंकाळचे ५ म्हणजे फेब्रुवारीत आपले रात्रीचे साडेनऊ, तर एप्रिलमध्ये साडेआठ. संगणक हा बदल आपोआप करतो, पण मेलच्या मजकुरात "५ वाजेपर्यंत" असे लिहिले असेल, तर कोणाचे ५ हे विचारून घ्यावे.

तारीखही आकड्यांत लिहू नये. ०४/०३ म्हणजे आपल्याकडे ४ मार्च, तर अमेरिकन पद्धतीने ३ एप्रिल. महिन्याचे नाव अक्षरात लिहिले की प्रश्न मिटतो.

शेतातील स्वयंचलित हवामान केंद्राचा अहवाल मेलने येत असेल, तर आतील आकडे भारतीय वेळेचे आहेत की यूटीसीचे, हे एकदा खात्रीने तपासावे. ५ ऑगस्टला पहाटे २ वाजता पडलेला पाऊस यूटीसीमध्ये ४ ऑगस्टच्या रात्री साडेआठचा दिसतो. तारीखच बदलते. भारतीय हवामान विभाग सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा पाऊस त्या दिवशीच्या तारखेला मांडतो, आणि सकाळचे साडेआठ म्हणजे यूटीसीप्रमाणे ३ वाजले. पाने किती तास ओली राहिली यावरून केवड्याची फवारणी ठरवणाऱ्या बागायतदाराने वेळ चुकीची वाचली, तर फवारणीही चुकते.

शेवटी एवढेच सांगतो. आज घरी गेल्यावर स्वतःच्याच पत्त्यावर एक मेल पाठवावा, आणि एक ओळखीच्या माणसाला पाठवून त्याला कोणती वेळ दिसते ते फोनवर विचारावे. दोन्हीकडे भिंतीवरच्या घड्याळाची वेळ दिसली, तर काळजी नाही. फरक दिसला, तर आधी विभाग, मग घड्याळ, आणि तरीही दोष राहिला तर सेल, या क्रमाने जावे. मेहनतीने पिकवलेल्या मालाचा सौदा तारखेच्या घोळात जाऊ नये, यासाठी ही पाच मिनिटे जरूर द्यावीत.