पाते तुटण्याआधी
(बंगळुरू येथील कामगार मेळाव्यात केलेले भाषण)



ज्या शहरात आपण जमलो आहोत तिथे १९५७ पासून विमानाची इंजिने घडतात. 'कावेरी' इंजिनाचे काम १९८९ पासून इथेच चालले, आणि येलहंक्याच्या कारखान्यात १९८४ पासून आपल्या गाड्यांची चाके व ॲक्सल तयार होतात. कामे वेगळी, दुखणे एकच: फिरणारा धातू थरथरतो, आणि थरथरून थरथरून त्याला चीर पडते.

हे दुखणे आधी रेल्वेत कळले. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा ॲक्सल तुटला आणि पन्नासहून अधिक माणसे मेली. पुढे प्रशियाच्या रेल्वेतील ऑगस्ट व्होलर यांनी वर्षानुवर्षे चाचण्या घेऊन दाखवले, की एकदा सहज पेलला जाणारा भार लाखो वेळा आला की पोलादही तुटते. विमानवाले ही विद्या आपल्याकडून शिकले, असे आम्ही जरा ताठ मानेने सांगतो.

आता पात्याचे गणित पाहा. पाच किलोचे पाते, मधल्या दांड्यापासून अर्ध्या मीटरवर, मिनिटाला ५,००० फेरे. त्याला बाहेर खेचणारा जोर भरतो सुमारे ७० टन! भरलेली वाघीण एका पात्याच्या मुळाशी टांगावी तसे. समोरासमोरची पाती हा जोर आपसांत जिरवतात. एक निखळले की तोल जातो, आणि तोच जोर दांड्याला सेकंदाला ८०हून अधिक हिसके देतो. म्हणूनच प्रवासी विमानाच्या नव्या इंजिनाला मंजुरी देण्यापूर्वी पूर्ण वेगात पंख्याचे एक पाते मुद्दाम उडवून देतात. तुकडे कवच फोडून बाहेर येता कामा नयेत.

पाते तुटते का? प्रत्येक पात्याची स्वतःची एक लय असते. झोक्याला नेमक्या वेळी धक्का बसत गेला तर तो चढतच जातो, तसेच हे. ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ जे विमान कोसळले, त्याच्या इंजिनाची पाती उंचीवर आणि जास्त जोरात अशीच थरथरत. जमिनीवरच्या चाचणीत ते दिसलेच नव्हते. डाव्या इंजिनाचे पाते तुटले, विमान हादरले, धूर आला. कंपन दाखवणारा काटा समोर होता, पण लहान. शिवाय अशा काट्यांवर वैमानिकांचा फारसा भरवसा नसे. त्यांनी बंद केले उजवे, म्हणजे चांगले इंजिन. मागे प्रवाशांनी आणि सेवकवर्गातील काहींनी डाव्या बाजूच्या ज्वाळा पाहिल्या होत्या. बिघाड उजवीकडे आहे, ही घोषणाही प्रवाशांनी ऐकली. पण पुढे जाऊन कोणी बोलले नाही. १२६ पैकी ४७ जण गेले.

आपल्या देशातही २०१९ साली इंडिगोच्या ए-३२० निओ विमानांत चढण घेताना इंजिने हादरू लागली, टर्बाइनची पाती निकामी होत होती. १ नोव्हेंबर २०१९ रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जुनी इंजिने मुदतीत बदलण्याचा हुकूम काढला. काट्याकडे पाहून वैमानिक परत फिरले, म्हणून ती विमाने सुखरूप उतरली.

आपल्याकडे काटा कुठे आहे? गाडी फलाटात येताना रुळाशेजारी उकिडवा बसून चाकांचा आवाज ऐकणारा सी अँड डब्ल्यूचा माणूस, हा आपला काटा. हातोडा घेऊन चालणारा कीमन, हा काटा. रात्रभर टपालाबरोबर चाकावर बसणारा आर.एम.एस.चा माणूसही काटाच. डब्याखाली काय खडखडते ते त्याला साहेबांच्या आधी कळते. पण त्याने ते सांगायचे कोणाला? तोंडी सांगितले तर गाडी सुटून जाते आणि शब्दही तिच्याबरोबर जातात.

केगवर्थच्या चौकशीत वैमानिक आणि सेवकवर्ग यांना एकत्र प्रशिक्षण द्यावे, अशी शिफारस झाली. आमची मागणी याहून साधी आहे. प्रत्येक डेपोत नोंदवही ठेवावी. गाडी क्रमांक, डबा, काय ऐकले, कोणी ऐकले आणि त्यावर काय केले, एवढे पाच रकाने. पाचवा रकाना भरल्याशिवाय डबा सोडू नये, आणि नोंद खोटी ठरली तरी नोंदवणाऱ्याला मेमो मिळू नये. आर.एम.एस.चा माणूस दुसऱ्या खात्याचा असला तरी त्याला लिहिण्याचा हक्क असावा. ठरावाचा मसुदा आपल्या हाती दिला आहे, तो अध्यक्षांनी आता चर्चेला घ्यावा.